नव्या गाडीखाली ऑईलचा डाग दिसला तर आधी काय करायचं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जांबोटीजवळच्या गावात राहता, अडीच महिन्यांपूर्वी १२५ सीसीची नवी मोटारसायकल घेतली. १४०० किलोमीटर झाले. पहिली सर्व्हिसिंग करून आणल्यावर आठवड्याभरात अंगणातल्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा काळपट डाग पडायला लागला. शोरूमवाला म्हणतो, "नवीन इंजिन आहे, बसेल हळूहळू." गावातला मेकॅनिक म्हणतो, "कव्हर खोलून सिलिकॉन मारतो, अर्ध्या तासाचं काम." घरी वडील म्हणतात, गाडी परत करून टाक. आणि तुम्ही विचारताय की यातलं कुणाचं ऐकू.

मी बेळगावच्या शहापुरात सव्वीस वर्षं गॅरेज चालवतोय. माझं म्हणणं, सध्या तिघांचंही ऐकू नका. गाडी कुणालाही उघडू देऊ नका आणि कुणाला एक बोल्टही आवळू देऊ नका. ऑईल कुठून येतंय हे डोळ्यांनी दिसत नाही तोवर हात लावण्यात फक्त नुकसान आहे. एकदा चुकीच्या जागी पाना लागला की खरी जागा झाकली जाते, आणि पुढं वॉरंटीचं बोलायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "बाहेर कुठं खोलली होती का?"

पहिलं काम आजच करा, ऑईलची पातळी बघा. सपाट जागेवर डबल स्टँडला गाडी लावा. साईड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी असते. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे वर गेलेलं ऑईल खाली उतरतं. मग डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला आणि बघा. काही गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत पूर्ण आवळून. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ते चित्रासकट दिलेलं असतं, तसंच करा. दोन खुणांच्या मध्ये पातळी असेल तर घाबरायचं कारण नाही. खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी चालवू नका, आधी त्याच ग्रेडचं ऑईल घाला. छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना ऑईलचा इशारा देणारा दिवा नसतो. ऑईल संपत आल्याचं गाडी सांगत नाही, डिपस्टिकच सांगते.

रुपयाएवढा डाग म्हणजे तीन-चार थेंब. वीस थेंबांचा साधारण एक मिलीलिटर होतो. रोज चार थेंब धरले तरी महिन्याला सहा मिलीलिटर, आणि इंजिनात असतं जवळपास लिटरभर. रात्रीच्या डागानं इंजिन कोरडं पडत नाही. पण हा हिशेब अर्धाच आहे. गाडी उभी असताना ऑईल थंड आणि घट्ट असतं. चालताना ते गरम होऊन पातळ होतं आणि पंप त्याला दाबानं फिरवत असतो. रात्री थेंब टाकणारी जागा कणकुंबीच्या चढावर किती सोडते हे फरशी बघून कळत नाही. म्हणून पुढचे आठ दिवस रोज सकाळी पातळी बघून किलोमीटरसकट वहीत लिहून ठेवा. ही वही पुढं उपयोगी पडेल.

आता, ते इंजिन ऑईलच आहे का? प्रश्न उगाच वाटेल, पण माझ्याकडं "मामा, इंजिन गळायलंय" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत चेनला मारलेलं जास्तीचं ल्यूब खाली टपकत होतं. चेनचं ल्यूब चिकट असतं, बोटाला तार धरतं आणि मागच्या रिमवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) त्याचे शिंतोडे दिसतात. पुढच्या चाकाजवळ तेलकट असेल तर ते शॉकॲब्जॉर्बरचं ऑईल, दांड्यावर त्याची गोल रेघ दिसते. ब्रेक ऑईल पाण्यासारखं पातळ असतं आणि रंग खातं, ते कुठंही दिसलं तर गाडी तिथंच थांबवायची. पेट्रोलचा वास लपत नाही. इंजिन ऑईल नवं असताना मधासारखं असतं, नव्या इंजिनात पाचशे-सातशे किलोमीटरमध्ये काळपट पडतं, आणि बोटांत चोळलं की गुळगुळीत राहतं. खात्रीसाठी पांढरा पुठ्ठा घ्या, रात्री गाडीखाली घाला आणि इंजिन त्यावर कुठवर येतं ते पेन्सिलनं आखून ठेवा. सकाळी डाग नेमका कशाखाली आहे ते कळेल. पुठ्ठा दोन रात्री घाला, एकदा साईड स्टँडवर आणि एकदा डबल स्टँडवर. साईड स्टँडवर गाडी डावीकडं झुकते, त्यामुळं उजवीकडून सुटलेलं ऑईलही डावीकडं येऊन पडतं. यात भलेभले फसतात.

पुढची गोष्ट मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. थेंब पडतो ती जागा आणि ऑईल सुटतं ती जागा एक नसते. सुटलेलं ऑईल इंजिनच्या अंगावरून खाली येतं, पळत्या गाडीत वारा त्याला मागं ढकलतो, आणि ते सगळ्यात खालच्या टोकाला जमून टपकतं. शोध वरून आणि पुढून घ्यायचा. ओल्या भागातली सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची जागा कोणती ते बघायचं. इंजिन धुळीनं माखलेलं असताना हे दिसणार नाही. तुमच्या भागातली तांबडी माती ऑईलला धरते आणि तिचा लेप होतो, त्याखाली काय चाललंय ते समजत नाही.

म्हणून इंजिन थंड असताना ब्रशनं डिझेल किंवा रॉकेल लावून लेप काढा. टायर, ब्रेक आणि ब्रेकचे शू यांवर एक थेंब जाऊ देऊ नका. मग साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरड्या फडक्यानं पुसा आणि उन्हात वाळवा. वॉशिंग सेंटरला नेऊन जोराचा फवारा मारू नका, पाणी सीलमधून आणि ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आत शिरतं. पूर्ण वाळल्यावर अंगाला लावायची साधी पांढरी पावडर घ्या आणि संशय असलेल्या सगळ्या जोडांवर फुंकून बसवा. पाच-दहा किलोमीटर सावकाश फिरून या आणि टॉर्च घेऊन खाली बसा. पावडर जिथं पहिल्यांदा भिजून काळी झाली असेल तीच जागा. लगेच फोटो काढा, मागं गाडीचा नंबर आणि मीटरचा आकडा दिसेल असा एक, आणि जागेचा जवळून एक. एवढं केल्यावर शोरूममध्ये तुमचं बोलणं कुणी उडवून लावू शकत नाही.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय ड्रेन बोल्टवर आहे. कारण साधं आहे, गळती सर्व्हिसिंगनंतर सुरू झाली. गाडीत काही बिघडलं की शेवटचा हात कुठं लागला होता ते आधी बघावं. पहिल्या सर्व्हिसिंगला ऑईल बदलतात, म्हणजे इंजिनखालचा ड्रेन बोल्ट काढून परत बसवलेला असतो. त्या बोल्टखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर असतो. तो एकदाच नीट दबण्यासाठी केलेला आहे. दबला की बोल्टच्या आणि केसिंगच्या पृष्ठभागाचे बारीक खाचखळगे भरून काढतो आणि जागा बंद होते. तोच वॉशर परत घातला तर आधीचे वळ नव्या जागी जुळत नाहीत आणि बारीक वाट राहते. दहा-वीस रुपयांचा वॉशर, पण दिवसाला चाळीस गाड्या करायच्या घाईत तो बदलायचा राहतो.

यावर लोक काय करतात? बोल्ट आणखी आवळतात. दोन वर्षांपूर्वी खानापूरहून एक मुलगा आला होता. त्याची गाडी जेमतेम चार महिन्यांची. थेंब पडतो म्हणून कुणीतरी पान्याला पाईप घालून बोल्ट आवळला होता. एक दिवस थांबलं, मग धार लागली. मी बोल्ट काढला तर आट्यांवर चांदीसारख्या चकचकीत वेटोळ्याच निघून आल्या. ते केसिंगचे आटे होते, स्प्रिंगसारखे बाहेर आले. बोल्ट लोखंडी आणि केसिंग ॲल्युमिनियमचं, हरतं ते केसिंगच. शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडं जाऊन भोक मोठं करून हेलिकॉईल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, बसवलं. आत एक कण राहू नये म्हणून दोनदा ऑईल घालून काढलं. गाडी आजही चालतेय, पण वॉरंटी तिथंच गेली. वॉशर बदलला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

छोट्या गाड्यांच्या ड्रेन बोल्टला साधारण २० ते ३० न्यूटन मीटरच्या आसपास आवळणी लागते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. हाताच्या भाषेत, वीतभर पान्याच्या टोकाला दहा-बारा किलोचा जोर. कव्हरचे छोटे सहा मिलीमीटरचे बोल्ट तर त्याच्या निम्म्यातच बसतात. म्हणून शोरूममध्ये उभं राहून सांगा, "वॉशर नवा घाला आणि टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, आवळा." असं मागण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

ड्रेन बोल्ट कोरडा निघाला तर त्याच सर्व्हिसिंगमध्ये हात लागलेली दुसरी जागा बघा, ऑईल फिल्टरचं किंवा जाळीचं झाकण. त्याखाली रबरी ओ-रिंग असते. ती खोबणीतून सरकून चिमटली गेली की एका बाजूनं पाझरते. ऑईल घालायच्या झाकणाची ओ-रिंगही तशीच.

त्यानंतर कव्हरचं पॅकिंग. उजवीकडं क्लच कव्हर, डावीकडं मॅग्नेट कव्हर, वर टॅपेट कव्हर. शोरूमवाला "बसेल" म्हणाला त्यात थोडं तथ्य इथं आहे, पण उलट बाजूनं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. नवं इंजिन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये तापतं, निवतं, परत तापतं, त्यात पॅकिंग दबतं आणि बोल्टचा ताण थोडा उतरतो. म्हणजे पॅकिंग खरंच "बसतं", पण बसल्यानं गळती थांबत नाही, झालीच तर सुरू होते. त्यावर उपाय म्हणजे थंड इंजिनवर बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं ठरल्या टॉर्कला तपासणं. गरम इंजिनवर, एका टोकापासून ओळीनं आवळत गेलं तर कव्हरच वाकतं. तरी थांबलं नाही तर पॅकिंग नवं घालायचं. हे काम वॉरंटीत शोरूमनंच करावं.

डाग डाव्या बाजूला, चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटजवळ असेल तर गोष्ट वेगळी. तिथं चेनचं काळं ग्रीस आधीच साठलेलं असतं, त्यामुळं गळती लपते आणि सगळे चेनला दोष देतात. स्प्रॉकेटमागं शाफ्टचं ऑईल सील असतं, तिथंच जवळ गिअर लिव्हरच्या शाफ्टचंही. चेन फार ताणून ठेवली तर शाफ्ट सतत मागं ओढला जातो आणि सीलची ओठासारखी कड एका बाजूनं झिजते. सर्व्हिसिंगनंतर चेन ताणलेली वाटते का ते बघा. गाडीवर कुणी बसलेलं असतानाही तिला झोल हवा, किती ते पुस्तकात असतं. या जागेची गळती मी सगळ्यात गंभीर धरतो. इथलं ऑईल चेन उचलते आणि मागच्या टायरवर फेकते. चोर्ला घाटातल्या ओल्या वळणावर टायरच्या कडेला ऑईल असणं म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर ओल दिसली तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.

एक कारण असं आहे की त्यात इंजिनाचा काहीच दोष नसतो, ऑईल जास्त भरलेलं असतं. वरच्या खुणेच्या वर ऑईल गेलं की फिरणारे भाग त्याला घुसळतात, फेस होतो, आतला दाब वाढतो आणि ऑईल ब्रीदर पाईपमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातं. डब्याच्या खाली छोटी नळी असते, तिच्यातून थेंब पडतात. माणूस इंजिनच्या जोडांमध्ये शोधत बसतो आणि ऑईल वरच्या डब्यातून येत असतं. तो दाब सीलांनाही बाहेर ढकलतो. तुमची पातळी वरच्या खुणेच्या वर निघाली तर आधी जास्तीचं ऑईल काढायला सांगा, आठ दिवस थांबा, कदाचित काम तिथंच संपेल. ब्रीदरची नळी चेमटली असेल किंवा चिखलानं बुजली असेल तरी हाच प्रकार होतो. खानापूर भागातल्या पावसात, भाताच्या बांधावरून गाडी नेणाऱ्यांनी ती नळी महिन्यातून एकदा बघावी.

क्वचित घडणारी एक गोष्ट सांगतो, कारण नव्या गाडीतच ती भेटते. माझ्या थोरल्या चुलत्यांनी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आयुष्य काढलं. एकदा एक नवी गाडी आली, क्लच कव्हरचा खालचा भाग सतत ओलसर. पॅकिंग दोनदा बदलून झालं होतं, तरी ओल होतीच. मी धुऊन पावडर मारली आणि थोडं फिरवून आणली. जोडाची रेघ सगळी पांढरी, कोरडी. रेघेपासून बोटभर खाली, सपाट धातूवर, टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. पुसला की दहा मिनिटांत परत. चुलते सहज गॅरेजवर आले होते, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हे पॅकिंग न्हवं रं, ओतकामात हवा राहिलीया." वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये वायूचा बुडबुडा अडकला की आत पोकळ वाट राहते आणि गरम, पातळ ऑईल त्यातून घाम आल्यासारखं पाझरतं. त्यावर बाहेरून काही लावून उपयोग नसतो, भागच बदलावा लागतो. फोटो दाखवल्यावर कंपनीनं कव्हर वॉरंटीत बदलून दिलं. कुणी आधीच सिलिकॉन फासलं असतं तर तो ठिपका कधीच दिसला नसता.

सिलिकॉनबद्दल स्पष्ट बोलतो. ते वाईट नाही. काही जोडांवर कंपनी स्वतः ठरावीक जागी ते लावते. पण कागदी पॅकिंग असलेल्या कव्हरवर भरपूर फासून बोल्ट आवळले की जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं. आतले रबरासारखे तुकडे सुटून ऑईलबरोबर फिरतात आणि पंपाच्या तोंडच्या जाळीवर जमतात. जाळी बुजली की वर हेडला ऑईल पोचत नाही. मी असं एक इंजिन उघडलंय, जाळीवर लाल सिलिकॉनची साय धरली होती आणि कॅमशाफ्ट खाल्ला गेला होता. थेंब थांबला होता आणि इंजिन गेलं होतं. तुमच्या गावातला मेकॅनिक चांगल्या मनानंच म्हणत असेल, त्याला दुखवू नका. "वॉरंटी संपल्यावर तुझ्याकडंच आणतो" म्हणा.

तोवर पातळी राखायला ऑईल घालावं लागलं तर पुस्तकातली ग्रेडच घाला, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2, मोटारसायकलच्या ऑईलचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या. या गाड्यांचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑईल घातलं तर तो घसरू शकतो. गळती कमी व्हावी म्हणून जाड ऑईल घालायचा सल्लाही कुणीतरी देईल. घालू नका. सकाळी इंजिन चालू केल्यावर ते वर पोचायला वेळ लावतं आणि नव्या इंजिनाची झीज तिथंच होते.

आता शोरूम. तोंडी बोलणं बंद करा. गाडी नेल्यावर जॉबकार्डवर "इंजिन ऑईल गळती" हे शब्द, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या. "जनरल चेकअप" लिहिलेलं असेल तर सही करू नका. कार्ड कन्नडात असो की इंग्रजीत, ती ओळ स्वतः वाचा किंवा वाचता येणाऱ्याला सोबत न्या. प्रत मागून घ्या. काम झाल्यावर काय बदललं ते लिहून मागा, आणि काढलेलं पॅकिंग किंवा सील बघायला मागा. तीच गळती दुसऱ्यांदा आली तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, फोटो आणि दोन्ही जॉबकार्डं जोडा. बहुतेक प्रकरणं इथंच मिटतात. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. आपल्या भागातले बरेच जण कोल्हापुरातून किंवा गोव्यातून गाडी घेतात आणि समजतात की तक्रारीला तिकडंच जावं लागणार. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. वडिलांना हे सांगा. गाडी परत करायची भाषा एका वॉशरवरून करू नये, पण एकच दोष पुन्हा पुन्हा येत राहिला तर ती करायचा हक्क आहे, आणि त्यासाठी कागद लागतात.

सेकंडहँड घेणाऱ्यांनीही विचारलंय म्हणून एवढंच: निपाणी-कोल्हापूरकडून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा नुकतं धुतलेलं, चकचकीत इंजिन बघून खूश होऊ नका. थोडी धूळ असलेलं इंजिन खरं बोलतं. धुतलेलं असेल तर वीस मिनिटं चालवून आणा आणि मगच खाली वाकून बघा.

तुम्ही उद्या रात्री पुठ्ठा घाला, परवा धुऊन पावडर मारा. डाग इंजिनच्या मधोमध खाली निघाला तर ड्रेन बोल्टचा वॉशर, डावीकडं चेनपाशी निघाला तर सील, आणि पावडर सगळीकडं कोरडी राहून एअर फिल्टरच्या नळीचं तोंडच ओलं निघालं तर जास्तीचं ऑईल. काय निघालं ते मीटरच्या आकड्यासकट मला कळवा.